गर्भजल, कापूस आणि उशिरा पोचणारी गोळी

१९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालेलं वाफेचं एक इंजिन १९२३ पासून यवतमाळ-मूर्तिजापूर या नॅरोगेज लाइनवर धावू लागलं आणि १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावत राहिलं. ११३ किलोमीटरची ही लाइन किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने टाकली ती माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. वऱ्हाडात या गाडीला सगळे शकुंतला म्हणतात. पऱ्हाटीवरून वेचलेला कापूस यवतमाळ-दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये यायचा, सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि शकुंतला त्या मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनपर्यंत पोचवायची. तिथून मुंबई. मुंबईहून बोटीने मँचेस्टर.

गर्भातल्या बाळाचा मेंदू आणि मणका कधीकधी नीट का घडत नाही, आणि ते जन्माआधी कसं ओळखायचं, या दोन प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहासही बराचसा याच वाटेने जातो. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांच्या रक्तातून त्यातलं एक सूत्र हाती लागलं, दुसऱ्याची सुरुवात मँचेस्टरमध्ये झाली. कापूस पिकवणाऱ्या यवतमाळला ही उत्तरं उलट दिशेने आणि फार सावकाश पोचली. त्यातली एक छोटीशी गोळी अजूनही वेळेवर पोचत नाही.

गर्भधारणेच्या तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीच्या बाजूला पेशींचा एक चपटा पट्टा असतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, पानाची सुरळी व्हावी तशा जवळ येतात आणि मिटतात. ही मज्जानलिका. पुढे तिच्यातूनच मेंदू आणि मज्जारज्जू घडतो. वरचं टोक साधारण २५ व्या दिवशी बंद होतं, खालचं २७-२८ व्या दिवशी. वरचं टोक उघडं राहिलं तर कवटीचा वरचा भाग आणि मेंदूचा मोठा हिस्सा तयारच होत नाही. असं बाळ जन्मलं तरी काही तासांपलीकडे, फार तर काही दिवसांपलीकडे जगत नाही. खाली कुठे उघडं राहिलं तर पाठीवर पाण्याचा फुगा दिसतो, पायांत बळ नसतं, लघवी-शौचावर ताबा राहत नाही, अनेकदा डोक्यात पाणी साठतं. हे सगळं ठरतं तेव्हा बाईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेकींना तोवर दिवस गेल्याची खात्रीही नसते. या लेखात पुढे जे काही येणार आहे, त्यातली प्रत्येक अडचण या २८ दिवसांशी येऊन थांबते.

गावागावांत अशा बाळांचा अर्थ लावला गेला तो ग्रहणातून. ग्रहण लागलं की गरोदर बाईने चिरायचं नाही, कापायचं नाही, सुई हातात धरायची नाही, बाहेर पडायचं नाही. एकाच जागी बसून राहायचं. ही चाल महाराष्ट्रभर आहे आणि ती आजही पाळली जाते. बाळाच्या ओठात फट निघाली, पाठ उघडी निघाली, की त्या बाईने ग्रहणात काय केलं याची उजळणी सुरू होते. नवरा काय खात होता, घरात भाजी किती शिजत होती, तिच्या अंगात रक्त किती होतं, हे कोणी विचारत नाही. या चालीचं खरं क्रौर्य इथे आहे. बाळ गेल्याचं दुःख तर तिचं असतंच, वर दोषही तिच्याच पदरात पडतो. सुईणींना मात्र एक गोष्ट अनुभवाने दिसत असणार: पोट दिवसांच्या मानाने फारच मोठं, हाताला पाणीच पाणी लागतं, आणि बाळंतपणात पाणमोट फुटल्यावर घागरभर पाणी जातं, अशा वेळी बाळ धड निघत नाही. त्यामागचं कारण आज माहीत आहे. गर्भ आपल्या भोवतीचं पाणी गिळत असतो. मेंदू घडलेलाच नसेल तर गिळण्याची क्रिया नीट होत नाही आणि पाणी साठत जातं.

मुंबईतली गोष्ट १९२८ ची.

त्या वर्षी गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाच्या काळात भत्ता मिळावा या विधेयकावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. आणि त्याच वर्षी लूसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज डॉक्टर मुंबईत उतरली. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून ती पुढे वैद्यकाकडे वळली होती. भारतातल्या मातामृत्यूंची चौकशी डॉ. मार्गारेट बालफोर यांच्या पुढाकाराने चालली होती. विल्सला बोलावणं आलं ते त्या कामासाठी, आणि लेडी टाटा स्मारक निधीने त्याला पैसा पुरवला. तिची प्रयोगशाळा परळच्या हाफकिन संस्थेत होती, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात.

प्रश्न असा होता: मुंबईतल्या गरीब बायकांना गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत एक विचित्र पंडुरोग होत होता. तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोह देऊन तो हटत नसे. कित्येक जणी बाळंतपणाच्या आगेमागे दगावत. विल्सने आधी जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग तिने घराघरांतलं खाणं तपासायला घेतलं. या कामात तिच्यासोबत डॉ. तळपदे होत्या, बालफोर आणि तळपदे यांनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी वेगळीही केली होती. कोण काय खातं, दूध किती, भाजी किती, फळ कधी, अशी नोंद त्यांनी वेगवेगळ्या समाजांत आणि उत्पन्नगटांत केली. गरीब मुसलमान बायकांचं खाणं सर्वांत निकस निघालं आणि हा पंडुरोगही त्यांच्यातच सर्वांत जास्त.

मग परळच्या प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर. त्यांना या बायकांच्या जेवणासारखं जेवण दिलं, त्यांनाही पंडुरोग झाला. पण उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून पसरणारा एक संसर्गही त्यात गुंतला होता. त्या उवा दूर ठेवण्यासाठी पिंजऱ्यांचे पाय लायसॉल भरलेल्या भांड्यांत ठेवावे लागले. भारतातल्या घरोघरी मुंग्यांसाठी पलंगाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, त्याच रीतीचा हा प्रयोगशाळेतला अवतार. उंदरांनी पुरता उलगडा केला नाही, म्हणून ती माकडांकडे वळली. त्याच खाण्यावर ठेवलेलं एक माकड पंडुरोगाने पार खंगलं असताना तिने त्याला मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे दारूभट्टीत उरलेल्या यीस्टचा अर्क, ब्रिटनमध्ये पावाला लावून खायचा स्वस्त पदार्थ. माकड तरारलं. मग तोच अर्क पंडुरोग्यांना दिला गेला. काही दिवसांत नव्या तांबड्या पेशी रक्तात दिसू लागल्या, भूक परतली, बायका उठून बसल्या. १९३१ मध्ये हे काम ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. यीस्टमध्ये असं काय आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. पुढे त्या अनाम द्रव्याला विल्स घटक म्हणू लागले.

१९४१ मध्ये टेक्सासमध्ये मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला फॉलिक आम्ल असं नाव दिलं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेने ते कृत्रिम रीतीने बनवलं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. विल्सचा घटक तो हाच. नव्या पेशी घडवताना डीएनए तयार करायला हे जीवनसत्त्व लागतं. रक्तपेशी सतत घडत असतात, म्हणून ते कमी पडलं की आधी रक्तात दिसतं. आणि गर्भाच्या पहिल्या महिन्यात तर सगळंच वेगाने घडत असतं.

विल्स १९६४ मध्ये वारली. त्यानंतर वर्षभरातच, १९६५ मध्ये, लिव्हरपूलचे हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी मज्जानलिकेत दोष असलेली बाळं जन्मलेल्या आयांमध्ये फोलेटचं, म्हणजे याच जीवनसत्त्वाचं, काम बिघडलेलं दिसतं, असा निबंध लॅन्सेटमध्ये छापला. मुंबईत आईच्या रक्तासाठी सापडलेली वस्तू बाळाच्या मणक्यासाठीही लागते, ही शंका तिथून सुरू झाली. खात्री व्हायला आणखी २६ वर्षं गेली. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांवर केलेल्या चाचणीचा निकाल आला. आधी असं बाळ झालेल्या १८१७ बायका त्यात होत्या. गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घेतलं तर पुन्हा असं बाळ होण्याची शक्यता ७२ टक्क्यांनी घटते, असं दिसलं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचीही अशीच बहुकेंद्री चाचणी तेव्हा चालू होती. हा निकाल आल्यावर ती मध्येच थांबवली गेली, कारण आता निम्म्या बायकांना खोटी गोळी देणं अन्यायाचं ठरलं असतं. जेवढ्या बायकांची नोंद झाली होती, त्यांच्यातही कल त्याच बाजूला होता.

दुसरं सूत्र गर्भजलाचं. त्याची सुरुवात मँचेस्टरमधली.

गर्भाभोवतीचं पाणी हे निव्वळ पाणी नव्हे. पहिल्या महिन्यांत त्यातले क्षार आईच्या रक्तद्रवाशी जवळपास जुळतात. पुढे बाळाची लघवी हा त्याचा मुख्य स्रोत बनतो. सोळाव्या आठवड्यात ते साधारण पाऊण ते एक पेला असतं, पूर्ण दिवसांच्या आसपास पाऊण लिटरच्या घरात. बाळाच्या शरीरातलं बरंच काही त्यात उतरतं: त्वचेच्या पेशी, प्रथिनं, विकरं, पित्तातली रंगद्रव्यं. १९५२ मध्ये मँचेस्टरचे डग्लस बेव्हिस यांनी आई-बाळाचा रक्तगट न जुळल्यामुळे होणाऱ्या आजाराचा अंदाज घेण्यासाठी हे पाणी सुईने काढून तपासलं. बाळाच्या तांबड्या पेशी किती फुटत आहेत हे त्या पाण्याच्या पिवळेपणावरून कळू लागलं. बाळाला हात न लावता त्याच्या प्रकृतीची खबर मिळवण्याचा हा मार्ग तेव्हापासून मोकळा झाला. १९५६ मध्ये कोपनहेगनच्या फुक्स आणि रिस यांनी याच पाण्यातल्या पेशींवरून बाळाचं लिंग ओळखलं. त्यांचा हेतू हिमोफिलियासारखे, मुख्यतः मुलग्यांना होणारे आजार टाळण्याचा होता.

मज्जानलिकेसाठीची किल्ली १९७२ मध्ये एडिंबरात सापडली. गर्भाचं यकृत अल्फा-फीटोप्रोटीन नावाचं प्रथिन बनवतं. ते बाळाच्या रक्तात भरपूर असतं आणि गर्भजलात अगदी थोडं. डेव्हिड ब्रॉक आणि रॉजर सटक्लिफ यांनी पाहिलं की ज्या बाळांची कवटी किंवा पाठ उघडी होती, त्यांच्या गर्भजलात हे प्रथिन कितीतरी जास्त होतं. कारण सरळ आहे: उघड्या जागेवर कातडी नसते, तिथून ते झिरपतं. कातडीने झाकलेला दोष असेल तर मात्र झिरपत नाही आणि ही तपासणी त्याला पकडू शकत नाही. पुढच्याच वर्षी कळलं की ते आईच्या रक्तातही चढतं, म्हणजे सुई पोटात घालण्याआधी दंडातून रक्त घेऊनच पहिली चाळणी लावता येते. १९७७ मध्ये ब्रिटनमधल्या सामूहिक अभ्यासाने तिची मापं ठरवली. सोळा ते अठरा आठवड्यांत रक्तातलं प्रमाण त्या आठवड्याच्या मध्यकाच्या अडीच पट किंवा जास्त असेल तर पुढे तपासायचं. त्यात कवटी न घडलेले ८८ टक्के गर्भ सापडतात आणि पाठ उघडी असलेले ७९ टक्के. पण मज्जानलिकेचा दोष नसलेल्या शंभरांतल्या तीन गरोदरपणांतही आकडा चढलेला दिसतो: जुळं असेल, दिवस मोजण्यात चूक झाली असेल, बाळाच्या पोटाची भिंत उघडी असेल. म्हणून १९७९ पासून गर्भजलात अॅसिटिलकोलिनएस्टरेज या मज्जापेशींच्या विकराची तपासणी जोडली गेली. ते सापडलं तर उघडा भाग मज्जेचाच, याची बऱ्यापैकी खात्री होते.

दिवसांचा हिशेब या सगळ्याचा पाया आहे. पाळीची तारीख नक्की माहीत नसेल तर सोळावा आठवडा की अठरावा हे ठरत नाही, आणि आकड्याचा अर्थच बदलतो. वेचणीच्या दिवसांत पहाटे कमरेला ओटी बांधून रानात गेलेली, संध्याकाळी काट्यावर कापूस मोजून किलोमागे मजुरी घेऊन परतलेली बाई सणावरून किंवा पिकावरून दिवस सांगते: पोळ्याच्या आधी, दसऱ्याच्या मागे. हेही मोजमापच आहे आणि ऐकून घेणाऱ्याला त्यातून तारीख काढता येते. घाईतल्या बाह्यरुग्ण विभागात तेवढं ऐकून घ्यायला मात्र माणूस लागतो.

महाराष्ट्रात गर्भजल परीक्षा आली आणि वाट चुकली, हा या इतिहासातला सर्वांत दुःखाचा भाग. १९७५ च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये ही तपासणी जन्मदोष ओळखण्यासाठी सुरू झाली. लवकरच तिचा उपयोग मुलगी आहे का हे पाहून गर्भ पाडण्यासाठी होऊ लागला आणि १९७८ मध्ये सरकारी रुग्णालयांत तिला बंदी झाली. खाजगी दवाखान्यांना ती लागू नव्हती. ऐंशीच्या दशकात मुंबईत तिचा बाजार मांडला गेला. १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजल परीक्षा करत असल्याचं आढळलं. स्त्री संघटना, डॉक्टर, वैज्ञानिक यांनी एकत्र येऊन लिंगनिदानविरोधी मंच उभा केला, निदर्शनं केली, विधिमंडळापर्यंत प्रश्न नेला. त्यातून १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. देशातला तो पहिला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला, १९९६ पासून लागू झाला. २००० मध्ये मुंबईची सेहत, पुण्याची मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. तरीही २००१ ते २०११ या दशकात राज्यात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ९१३ वरून ८९४ वर घसरली.

या कायद्याने जन्मदोषांच्या तपासणीची दारं बंद केली, असा एक गैरसमज ऐकू येतो. ते खरं नाही. गुणसूत्रांतले दोष, चयापचयाचे आनुवंशिक आजार, सिकलसेल-थॅलेसेमियासारखे रक्तदोष, जन्मजात व्यंगं यांच्यासाठी परवानगी कायद्यातच आहे. पस्तिशीपुढचं वय, आधीचे गर्भपात, घराण्यातला आजार, घातक औषधं किंवा रसायनांशी आलेला संबंध ही कारणंही त्यात दिलेली आहेत. खरं नुकसान झालं ते लोकांच्या मनात. गर्भजल परीक्षा म्हणजे मुलगी मारण्याची परीक्षा, एवढीच ओळख घरोघर पोचली. ज्या बाईचं आधीचं बाळ पाठीवर फुगा घेऊन जन्मलं, तिला हीच तपासणी मदत करू शकली असती. तिच्यापर्यंत ती पोचली ती दबक्या आवाजात, काहीतरी गैर चाललंय अशा नजरेने. हा दोष कायदा करणाऱ्यांचा नाही. ज्यांनी एका चांगल्या तपासणीचा धंदा केला, त्यांचा आहे.

यवतमाळमध्ये या सगळ्याला आणखी एक पदर आहे. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलचा निबंध लॅन्सेटमध्ये छापला. तेव्हापासून विदर्भातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये हा आजार किती खोल रुजला आहे हे स्पष्ट होत गेलं. यवतमाळ जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान, आंध या समाजांची मोठी वस्ती आहे. कोलाम तर राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात, शरीर घाईघाईने नव्या बनवत राहतं आणि त्यात फोलेट खर्च होतं. म्हणून या रुग्णांना फॉलिक आम्ल रोज घ्यायला सांगतात. परळमध्ये विल्सला सापडलेला घटक झरी-जामणी, घाटंजी, केळापूरच्या पाड्यांवर असा आधी पोचला, तो सिकलसेलच्या गोळीच्या रूपाने. तो बाळाच्या मणक्यासाठीही असतो, हे सांगणारं फारसं कोणी बरोबर आलं नाही.

रानात फोलेट नाही असं नाही. पहिल्या पावसात तरोटा उगवतो, मग चिवळ, घोळ, अंबाडी, हिवाळ्यात करडईची कोवळी पानं. कपाशीत तुरीच्या ओळी असतात, आणि तूर, हरभरा या डाळी फोलेटने समृद्ध आहेत. पण फोलेट उष्णतेने आणि पाण्याने सहज जातं: भाजी बराच वेळ शिजवली आणि पाणी ओतून दिलं, की त्याचा बराचसा भाग त्या पाण्याबरोबर जातो. शिवाय पालेभाजीचे दिवस ठराविक. लग्नसराई उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात रान कोरडं पडतं, बाजारातली मेथी-पालक महाग होते. त्यात घरात बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. डाळीच्या भांड्यात तोवर तळाशी काय उरतं, हे कोणत्याही पोषण-तक्त्यात लिहिलेलं नसतं.

पुण्यातून यात आणखी एक धागा जोडला गेला. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा करत आले आहेत. त्या कामातून दिसलं की आपल्याकडे अनेक आयांमध्ये फोलेटपेक्षा बी-१२ ची कमतरता जास्त आहे. डॉ. कौमुदी गोडबोले, याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात मज्जानलिकेचा दोष असलेल्या बाळांच्या आयांमध्ये शरीराला वापरता येणारं बी-१२ कमी आढळलं. ही दोन जीवनसत्त्वं एकमेकांच्या आधाराने काम करतात. एक भरपूर दिलं आणि दुसरं अपुरं राहिलं तर पेशीतलं चक्र अडतं. दूध, अंडी, मासे, मटण ज्या ताटात क्वचित येतं, तिथे फक्त फॉलिक आम्लाची गोळी पुरेशी ठरेलच असं नाही.

१९८९ मध्ये यवतमाळला वसंतराव नाईकांच्या नावाने शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कॉलेज १९६९ पासून होतंच. आता दोष बहुतेक वेळा गर्भजलातून नव्हे, सोनोग्राफीत दिसतो: कवटीची गोलाई दिसत नाही, किंवा अठराव्या-विसाव्या आठवड्यात पाठीचा कणा एका जागी फाकलेला दिसतो. गर्भजलाचं रसायन मागे पडलं आणि पडद्यावरचं चित्र पुढे आलं, जगभर असंच झालं. पण तालुक्याच्या गावाहून सोनोग्राफीची तारीख मिळेपर्यंत, मग मोठ्या रुग्णालयात पाठवेपर्यंत, वीस आठवडे कधी उलटून जातात हे कळत नाही. १९७१ चा गर्भपात कायदा नेमका वीस आठवड्यांवर थांबत होता. जानेवारी २०१७ मध्ये मुंबईतल्या एका तरुणीच्या गर्भाची कवटीच घडली नसल्याचं समजलं, तेव्हा चोवीस आठवडे झाले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळाचा अहवाल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने तिला परवानगी दिली. २०२१ च्या दुरुस्तीने अशा गंभीर दोषांसाठी वैद्यकीय मंडळाच्या निर्णयावर आठवड्यांची मर्यादा उठवली. यवतमाळच्या बाईला आता दिल्लीचा दरवाजा ठोठावावा लागत नाही. हा मोठा दिलासा आहे. पण तो आधीच मोडलेल्या मनाला दिलेला दिलासा आहे. दोष होऊच नये म्हणून जे करायचं, ते त्याच्या पाच महिने आधीचं.

आणि तिथेच गोळीचा प्रश्न येतो. गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून आहे. आज गरोदर बाईला लाल गोळी मिळते, त्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. रक्तासाठी ती उत्तम, विल्सच्या मुंबईतल्या बायकांसाठी ती वरदान ठरली असती. पण गरोदरपणाची नोंद होऊन ती हाती पडते तोवर सहसा दोन-तीन महिने उलटलेले असतात आणि मज्जानलिका कधीच मिटलेली असते. पहिल्या तीन महिन्यांत आणि त्याआधी रोज ४०० मायक्रोग्रॅमची वेगळी गोळी घ्यावी, हे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. शाळा सुटून लग्न झालेल्या, अजून दिवस न गेलेल्या मुलीसाठी कागदावर आठवड्याची लाल गोळी आहे; तिच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत ती नियमाने आणून देणारा माणूस मात्र ठरलेला नाही.

अमेरिकेने १९९८ मध्ये वेगळा मार्ग धरला: गोळीची वाट न पाहता पिठातच फॉलिक आम्ल मिसळलं, दर १०० ग्रॅमला १४० मायक्रोग्रॅम. आपल्याकडे २०२१ च्या घोषणेनंतर रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळलं जाऊ लागलं. बी-१२ घातलं हे विशेष चांगलं झालं. पण प्रमाण पाहा: एक किलो तांदळात फॉलिक आम्ल ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम. माणशी महिन्याला मिळणारं पाच किलो धान्य सगळं तांदूळच आहे असं धरलं, तरी महिनाभरात ३७५ ते ६२५ मायक्रोग्रॅम होतं. म्हणजे एका गोळीएवढं, एका दिवसाचं. अमेरिकेच्या एक किलो पिठात १४०० मायक्रोग्रॅम असतात. रक्त वाढवण्याच्या कामी या तांदळाचा थोडाफार उपयोग होईलही, पण पहिल्या २८ दिवसांसाठी तो पुरा पडणार नाही.

प्रत्येक गावात आशाताईकडे पात्र जोडप्यांची नोंदवही असते. नवी सून नांदायला आली की तिचं नाव त्यात चढतं, ते कुटुंबनियोजनाच्या कामासाठी. पाळणा लांबवायचा आहे का, कोणतं साधन हवं, हे त्या भेटीत विचारलं जातं. मूल हवं असं सांगणाऱ्या मुलीला त्याच भेटीत ४०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांचं पाकीट देता येतं, आणि आधी असं बाळ गेलेल्या आईला तिच्या मात्रेची गोळी डॉक्टरांकडून लिहून आणता येते. त्यासाठी नवा कर्मचारी नको, नवं यंत्र नको. गोळ्या आरोग्य उपकेंद्रात पोचलेल्या असाव्या लागतात आणि नोंदवहीत एक रकाना वाढवावा लागतो.